हुंकाराचं बटण

अश्लेषा भोरला घरून काम करते. मोबाईलवर थेट गप्पा मारायच्या एका अ‍ॅपचे स्क्रीन आणि बटणं ती आखते. तिची कुंदाआत्या त्याच अ‍ॅपवर संध्याकाळी गोष्टी सांगू लागली, पण सारखी अडखळायची. ऐकणाऱ्यांचे माईक बंद असल्यामुळे पलीकडून काहीच ऐकू यायचं नाही.

"भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं गं," आत्या म्हणाली. "समोरून 'हं' आलं की पुढचं सुचतं."

मग अश्लेषाने एक छोटं बटण केलं. ऐकणाऱ्याने ते दाबलं की सांगणाऱ्याच्या कानात हलकेच 'हं' वाजायचं. आत्याच्या गोष्टी रोज ऐकणाऱ्या पाली गावच्या ठकुबाई आणि त्यांच्या शेजारणींना तिने ते वापरून बघायला सांगितलं.

त्या संध्याकाळी आत्याने कोल्हिणीची गोष्ट काढली. पहिलं 'हं' आलं, मग दोन-तीन एकदम आली. आत्या खुर्चीत सैलावून बसली, तिचा आवाज खुलला, आणि गोष्ट न अडखळता शेवटाला गेली.

ठकुबाईंनी माईक मागून घेतला. "ताई, लई ग्वाड सांगता तुमी. हात पिठात हुते, म्हणून म्या कोपरानं बटण दाबत हुते."

आत्या खूप वेळ हसत राहिली. अश्लेषाने दुसऱ्या दिवशी बटण चांगलं मोठं केलं.