आईची पट्टी

बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागातल्या दफनभूमीत शवपेटी खाली उतरली, पाळकांची प्रार्थना संपली आणि पुरुषांनी अंगातले कोट काढून शेजारच्या शिळांवर टाकले. पालिकेचे दोन कामगार आपले यंत्र घेऊन लांब उभे राहिले. जमैकन माणूस गेला की माती आपल्याच माणसांनी लोटायची आणि कबर भरून वर फुले चढेपर्यंत बायकांनी गाणे तुटू द्यायचे नाही, हे त्यांनाही एव्हाना ठाऊक झाले होते.

गाणे उचलण्याचा मान या मंडळीत चाळीस वर्षे एस्मिन पिनॉकचा होता. आज तीच खाली होती आणि मान तिच्या लेकीकडे, विनेटकडे, आला होता.

विनेटला सारे इंग्लंड ओळखत होते. तिच्या सोल गायकीवर, त्या प्रेमा-विरहाच्या गाण्यांवर, लोक जीव टाकत. पण एकोणिसाव्या वर्षी चर्चचा गायकवृंद सोडून तिने ही वाट धरली, त्यानंतर आई तिच्या एकाही मैफलीला आली नाही. मुलाखत घेणारे विचारीत, तुम्ही नक्की कुठल्या? बर्मिंगहॅमच्या, जमैकाच्या, की चर्चच्या? ती हसून तिन्ही सांगे; एकटी असताना मात्र तिन्ही दारे आतून लावलेली वाटत. आईचा आवाज लहान होता, असेही ती एकदा बोलून गेली होती. आज आईच्या माणसांनी आपल्याला आपले म्हणावे, एवढेच तिला हवे होते.

सकाळी आईच्या जुन्या सोबतिणीने, अडिना मावशीने, गीतांचे शब्द येतात का म्हणून विचारले होते. पाठ आहेत, असे विनेटने सांगताच मावशी म्हणाली, "बघू. टीव्हीवर तर अर्धं गाणं नुसत्या आलापातच घालवतेस."

विनेटच्या धाकट्या भावाने, डेवनने, पहिले फावडेभर माती ओतली. विनेटने नदीपलीकडच्या घराचे गीत उचलले. आवाज असा लागला की लांबच्या कामगारांनी टोप्या काढल्या. पण दुसऱ्या ओळीला एकेक बाई गप्प होत गेली आणि तिसऱ्या ओळीला विनेट एकटीच उरली. सगळे ऐकत होते; आणि ऐकत होते, हीच चूक होती. ताल हरवलेली फावडी अडखळली. ओळ संपली, पुढची कोणी धरली नाही. लाकडावर मातीचा आवाज तेवढा झाला. एस्मिनच्याच कबरीवर गाणे तुटले.

अडिना मावशी काठी टेकत आली आणि तिने विनेटचे कोपर धरले.

"गातेस छान गं. पण आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या? खाली घे. आई घ्यायची तिथं."

"आईचा आवाज तेवढाच होता, मावशी."

"कुणी सांगितलं? गावी ती गायला लागली की पलीकडच्या टेकडीवर ऐकू जायचं. इथं आम्ही ओतशाळेच्या धुरात, धुलाईघराच्या वाफेत छात्या घालवून बसलो. आमच्यासाठी खाली उतरली ती. आणि मग तिथंच राहिली."

विनेटने डोळे पुसले आणि खालचा स्वर शोधला. तिथे तिचा आवाज खरबरीत होता. ध्वनिमुद्रणात तो ती नेहमी लपवत आली होती. पहिल्याच ओळीला अडिना मावशीचा फुटका स्वर त्याला येऊन टेकला, मग साऱ्या बायकांचा. फावड्यांना ताल सापडला. थोड्या वेळाने विनेटला स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येईना आणि बऱ्याच वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याचे भानही उरले नाही.

सातवे गीत संपले तेव्हा कबर भरली होती. फुले रचता रचता डेवन हळूच म्हणाला, "ताई, तुझी सगळी गाणी म्हणायची आई. स्वयंपाकघराचं दार लावून."

"खालच्या पट्टीत?"

"नाही. तुझ्या. कधीकधी तुझ्याही वर."

विनेट काही बोलणार, तोच मावशीने काठी आपटली. अजून एक हार चढवायचा राहिला होता. विनेटने आठवे गीत उचलले, आईच्या पट्टीत.