ओरखड्यासकट रॉक अँड रोल

टेलरमास्तरांचे सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या, त्यात रॉक अँड रोलची एकुलती एक रेकॉर्ड मास्तरांच्या बायकोकडे आली आणि ती वाजवायचं यंत्र तिच्या धाकट्या भावाकडे गेलं. हा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेहुणा, पेशाने वायरमन. त्याने एकदा मास्तरांच्या दुकानात अशी काही जोडणी करून ठेवली होती की इस्त्री लावली की पंखा फिरायचा. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. मास्तरांना हा अबोला आतून फार लागला होता, पण तोंडाने कबूल करतील तर शपथ.

रेकॉर्ड ऐकायची तर दोघांना एका खोलीत बसावं लागेल, हे मास्तरांच्या बायकोच्या बरोबर लक्षात आलं. एका रविवारी तिने भावाला यंत्रासकट दुकानात बोलावून घेतलं. रेकॉर्ड फिरली, वायरमनने खोळ शिवायला आलेली, कोपऱ्यात पडलेली गिटार उचलली, मास्तर गुणगुणायला लागले आणि शेजारचा बेकरीवाला पावाचा रिकामा ट्रे बडवत आत आला. झाला बँड.

गाण्याची भाषा तिघांच्याही डोक्यावरून जायची. मास्तर कानाला लागेल तसं गायचे. मुख्य गाण्यात गायक मध्येच "बेबी बे-बे-बे-बे" असा अडखळायचा आणि टक् करून भलत्याच ओळीवर उडी मारायचा. ही जागा बसवताना तिघांचा घाम निघाला. टक् साठी बेकरीवाल्याने खास चमचा राखून ठेवला.

आणि काय सांगावं, लोक नेमके त्याच जागेवर फिदा झाले. लग्नं, वाढदिवस, अग्निशमन दलातल्या साहेबांचा निरोपसमारंभ, बोलावणी संपेनात. टक् झालं की सगळा हॉल एका पायावर उडी मारायचा. मास्तरांनी सोफ्याच्या उरलेल्या कापडाचे तीन कोट शिवले. त्यात उकडून जीव जायचा, पण रुबाब असा की वायरमन शिडीवर चढतानाही कोट काढेना. मास्तरांना मात्र टाळ्यांचं फारसं काही नव्हतं. दर रविवारी मेहुणा दुकानात यायचा आणि "भाऊजी, चहा सांगा" म्हणत स्टुलावर बसायचा, हेच त्यांचं सुख. बँड राहिला तर हे राहील, एवढंच त्यांना कळत होतं.

मग बेकरीवाल्याच्या सुनेने मोबाइलवर तेच गाणं शोधून लावलं. तिघांनी डोकी जवळ आणून ऐकलं. गायक कुठेच अडखळला नाही. मेला सरळ गात गेला.

"भाऊजी," वायरमन म्हणाला, "आपण इतके दिवस रेकॉर्डवरचा ओरखडा गात होतो."

"मग? लोकांना आवडतो ना ओरखडा."

"चुकीचं काम माझ्या हातून होणार नाही."

मास्तरांच्या अगदी जिभेवर पंखा आला होता, तो त्यांनी गिळला.

पुढच्या कार्यक्रमात गाणं शुद्ध झालं. नेहमीच्या जागी अख्खा हॉल हवेत गेला आणि बँड आपला सरळ पुढे निघून गेला. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. एका आजोबांनी निसटलेली चप्पल शोधत विचारलं, "विसरलात का हो?"

बोलावणी आटली. घाबरून त्यांनी जुनी जागा परत घातली, पण आता चूक ठाऊक झाली होती. अडखळणं ओढूनताणून काढलेल्या शिंकेसारखं यायला लागलं. शेवटच्या कार्यक्रमाला माणसांपेक्षा खुर्च्या जास्त होत्या. बेकरीवाला म्हणाला, "आपले पावच बरे," आणि चमचा घरी घेऊन गेला.

त्यानंतरच्या रविवारी मास्तर दुकानात उगाच कात्री पुसत बसले. आता मेहुणा कशाला येतोय, या विचाराने त्यांना करमत नव्हतं.

"अहो, फोन करा ना त्याला," बायको म्हणाली.

"काय म्हणून करू?"



दुपारी वायरमन आला. हात मोकळे. "इकडूनच चाललो होतो," म्हणाला. इकडे त्याचं कधी काही काम नसायचं. चहा झाला. तो जायला उठला तशी मास्तरांनी गळ्यातली टेप काढून त्याच्या खांद्याला लावली.

"हे काय?"

"शर्ट शिवतोय तुला. पुढच्या रविवारी ट्रायलला ये."

"शर्टाला कुठे ट्रायल असते, भाऊजी?"

"आमच्याकडे असते," मास्तर म्हणाले आणि त्यांनी बाहीचं माप मुद्दाम चुकवून लिहिलं.