रक्तदाबमापकाच्या पोटात दुखते

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. घरातले मला 'बीपीचं मशीन' म्हणतात. एक गोल तबकडी, तिच्यावर बारीक काटा, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, हवा भरायला रबरी फुगा आणि ठोके ऐकायला कानाची नळी, एवढाच माझा संसार. मित्रांनो, माझे कुणाशी वैर नाही. फक्त खिडकीखालून वाहणारी ती नदी मला डोळ्यांसमोर नको असते.

कारखान्यात माझा काटा पुन्हा पुन्हा तपासला गेला, कारण खोटे बोलणारा रक्तदाबमापक कुणाच्याच कामाचा नसतो. तिथून औषधांच्या दुकानात आणि दुकानातून साहेबांच्या घरी आलो. साहेब बस आगारात नियंत्रक होते. गाडी उशिरा सुटली की ते ओरडत, आणि गाडी रोजच उशिरा सुटे. घरही आगाराच्या भिंतीला लागूनच होते. दिवसभर हॉर्न, धूर आणि साहेबांचा आवाज.

पण त्या घरात माझा थाट काय वर्णावा! रोज सकाळी वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मला साहेबांच्या दंडाला बांधत, नळी कानाला लावत आणि फुगा दाबत. तेवढा वेळ रेडिओ बंद, मिक्सर बंद. आलेला पाहुणासुद्धा दारात श्वास रोखून उभा राही. काटा खाली आला तर घर हसे. वर राहिला तर साहेबांच्या ताटातले मीठ जाई. माझ्या शब्दाबाहेर कुणी नव्हते.

साहेब निवृत्त झाले, आम्ही नदीकाठी राहायला आलो आणि माझे ग्रह फिरले. साहेब पहाटेच पायऱ्यांवर जाऊन पाण्याकडे बघत बसू लागले. परत येत ते शीळ घालत. मग वहिनी मला बांधत, आणि माझा काटा मुकाट्याने खाली उतरे. मला खोटे बोलता येत नाही ना!

"बघ, ही सगळी नदीची किमया!" साहेब म्हणत.

म्हणजे माझ्याच तोंडून तिची स्तुती! इतकी वर्षे मी सावध केले, मीठ सोडायला लावले, गोळ्या वेळेवर घ्यायला लावल्या, आणि ही बया आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार. करते काय ती? नुसती वाहते. तेही उताराकडे. माझा नुसता जळफळाट होई.

रोजचे मोजणे आठवड्यावर गेले, आठवड्याचे महिन्यावर. माझ्या फुग्यावर धूळ बसली. एके सकाळी साहेब नदीवरून आले ते शेजारच्या बेकरीवाल्या मावशींना घेऊनच.

"घेऊन जा हे, मावशी. तुमच्या मिस्टरांना लागतं ना? आमच्याकडे नुसतं पडून आहे."

मी देऊन टाकायची वस्तू झालो होतो, आणि तेही तिच्यामुळे!

"चालू आहे का पण?" मावशींनी विचारले. "लावून तरी दाखवा."

साहेबांनी ऐटीत नळी कानाला लावली. "अगं, ये इकडे. हात पुढे कर."

वहिनी ओले हात पुसत आल्या. मित्रांनो, इतकी वर्षे मी त्यांच्या हातात होतो, पण त्यांच्या दंडाला कधीच लागलो नव्हतो.

काटा वर चढला आणि बराच वेळ वरच राहिला.

"बिघडलंय वाटतं," साहेब म्हणाले. वहिनींनी मला साहेबांच्या दंडाला बांधले. काटा अगदी शहाण्यासारखा खाली. पुन्हा वहिनींना बांधले. पुन्हा वर.

"मशीन नाही हो बिघडलेलं," मावशी हळूच म्हणाल्या. "वहिनी, डोकंबिकं दुखतं का तुमचं?"

"ते तर रोजच दुखतं. त्यात काय सांगायचं? सोडा मला, गॅसवर दूध आहे."

साहेब खाली बसले. "अगं, तू नदीवर कधी गेलीच नाहीस का?"

"कधी जाणार? तुम्ही तिथून यायच्या आत चहा तयार नको?"

साहेब उठले आणि त्यांनी स्वतः जाऊन गॅस बंद केला.

वहिनींना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आता पहाटे दोघेही पायऱ्यांवर जातात. परतल्यावर साहेब चहा करतात; निम्मा उतू जातो. वहिनींचा काटा खाली येऊ लागला आहे. "पाण्याजवळ बसलं की कसं हलकं वाटतं," असे त्या म्हणतात आणि मी आतल्या आत धुमसतो. पण मला कुणी देऊन टाकले नाही.

मित्रांनो, घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची नळी जपा, पट्टा पुसून ठेवा. आणि रोज फुगा दाबणारा हात कुणाचा आहे ते बघून त्यालाही एकदा पट्टा बांधा. मग खुशाल सगळे मिळून नदीवर जा. तिचे गोडवे गा, मी काही बोलणार नाही. पण वहिनींचे दुखणे रोज खिडकीखालून वाहणाऱ्या त्या नदीला दिसले नव्हते. ते मी सांगितले.