इस्त्री घेऊन गेलेला माणूस

लोक खोटं का बोलतात, हा प्रश्न मला कधी पडला नाही. एकतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करतोय. चोरीला गेलेला फ्रीज मेहुणीच्या स्वयंपाकघरात उभा असलेला मी पाहिलाय. कंबर कायमची मोडलेल्या गृहस्थांना भाच्याच्या लग्नात नाचताना पाहिलंय. बायको म्हणते, "तुम्हाला आधी माशी दिसते, मग दूध." असते म्हणून दिसते.

तर लेकीने लग्न करायचंय म्हणून त्या मुलाला घरी आणलं, तेव्हा मी आधी त्याचे बूट पाहिले. बूट ठीक होते. धंदा ठीक नव्हता. दिवसा कुठल्याशा कचेरीत कारकुनी, आणि आठवड्यातून दोनदा माईक घेऊन लोकांना हसवायचं. स्टँड-अप म्हणतात त्याला. म्हणजे याने उभ्याने थापा मारायच्या आणि लोकांनी बसून ऐकायच्या.

बायकोने चहा-बिस्किटं पुढे केली आणि घरी कोण कोण असतं म्हणून विचारलं.

"आई आणि मी," तो म्हणाला. "मी नऊ वर्षांचा असताना बाबा गेले."

"अरेरे," बायको म्हणाली आणि तिने आणखी दोन बिस्किटं त्याच्या बशीत सरकवली.

मी बघत होतो. त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि अलगद, अख्खं बाहेर काढलं. बाप गेल्याचं सांगताना ज्याचं बिस्कीट तुटत नाही, त्याची चौकशी व्हायलाच हवी.

तो गेल्यावर लेक म्हणाली, "बाबा, पंधरा दिवसांनी रविवारी आम्ही दोघं येतो. तेव्हा काय ते सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही करणार." ती माझ्यावर गेलीये, बोलली की बोलली. म्हणजे सगळं माझ्या एका शब्दावर होतं, आणि तो शब्द द्यायला माझ्या हातात पंधरा दिवस होते. मी लोकांची आयुष्यं याहून कमी वेळात उलटीपालटी केली आहेत.

त्याचं आडनाव असं, की अख्ख्या गावात दोन घरं निघाली तरी पुष्कळ. चौथ्या दिवशी मला ते एका पाटीवर दिसलं. बाजारामागच्या गल्लीत किल्ल्या बनवायचं टपरीएवढं दुकान. आत एक वाळका, पांढऱ्या केसांचा माणूस, कानशीने किल्लीचे दाते घासत बसलेला. डावा कान उजव्यापेक्षा पुढे आलेला. त्या मुलाचा अगदी तसाच येतो.

मी कपाटाची किल्ली करायला दिली आणि गप्पा काढल्या. मुलंबाळं?

"एक मुलगा आहे," तो म्हणाला. "असतो इथेच."

खात्री करायला मी आणखी तीनदा गेलो. बायकोने विचारलं, "एका कपाटाला पाच किल्ल्या? कपाट पळून जाणार आहे का?"  माझ्या डोक्यात दावा पूर्ण झाला होता. जिवंत बापाला मारून सहानुभूती आणि वर दोन बिस्किटं उकळणारा मुलगा उद्या माझ्या लेकीला काय काय सांगेल? आणि हा किल्लीवाला तरी साधा कशावरून? बाप-लेकाचं संगनमत मी कमी पाहिलेलं नाही. रोज रात्री झोपताना मी मनात म्हणायचो, हा आपला व्याही होणार म्हणे. व्याही! शब्द चावून चावून चोथा केला.

नुसतं सांगून लेक ऐकणार नाही हे मला माहीत होतं. पुरावा समोर ठेवावा लागतो. तिने मला बजावलं होतं की कार्यक्रमाला यायचं नाही, तुम्ही समोर असलात की त्याला मोकळं बोलता येणार नाही. त्यामुळे अर्थात मी जायचं ठरवलं. रविवारच्या आदल्या संध्याकाळचीच दोन तिकिटं काढली, आणि किल्लीवाल्याला म्हटलं, बायको येत नाही, एक तिकीट वाया जातंय, येता का. तो हात पुसत म्हणाला, "कसला कार्यक्रम?" हसण्याचा, म्हटलं. "बघू या हसून," म्हणाला आणि त्याने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं.

फर्निचरच्या दुकानाच्या वर एक हॉल होता. लोखंडी जिना, काळे पडदे, घडीच्या खुर्च्या, आणि पुढे एक बुटकं स्टेज, त्यावर माईक आणि एक उंच स्टूल. जिन्यात त्याचं पोस्टर होतं, पण धंद्यातलं टोपणनाव घातलेलं आणि चेहऱ्यावर भलामोठा चष्मा. किल्लीवाला पोस्टरपाशी थांबलाच नाही. दाराला कुलूप कुठल्या बनावटीचं आहे ते तो वाकून बघत होता. सोंग असेल तर चांगलं होतं, मी मनात नोंद केली.

लेक सगळ्यात मागे मोबाईल उभा करून बसली होती, त्याचा कार्यक्रम टिपायला. मी टोपी कपाळावर ओढली आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या दोन खुर्च्या धरल्या. बेत सोपा होता. कार्यक्रम संपला, दिवे लागले, की किल्लीवाल्याला हाताला धरून मागे लेकीपाशी न्यायचं आणि म्हणायचं, हे बघ तुझे स्वर्गवासी सासरे.

मुलगा स्टेजवर आला. टाळ्या झाल्या. घरमालकावर काहीतरी बोलला, लोक हसले. साहेबावर बोलला, हसले. माझ्या शेजारचा किल्लीवाला हसत नव्हता. तो मान तिरकी करून पुढे आलेला कान स्टेजकडे धरून बसला होता.

मग तो मुलगा स्टुलावर बसला आणि म्हणाला, "मी नऊ वर्षांचा असताना माझे बाबा गेले."

हॉल शांत झाला. डावीकडून एक बाई हळूच म्हणाल्या, "अरेरे."

"बघा," तो म्हणाला. "लगेच. वीस वर्षं मी हे वाक्य बोलतोय आणि वीस वर्षं लोक अरेरे म्हणतायत. शाळेत सांगितलं तर बाई रडल्या. वर्गाला दोन मिनिटं उभं केलं, शांतता पाळायला. मीही उभा राहिलो. सगळे उभे आहेत म्हटल्यावर मी एकटाच कसा बसणार?"

हशा झाला.

"एका माणसाने, एका माणसाने आजवर विचारलं नाही की, कुठे गेले? अहो, इस्त्री घेऊन गेलेत! वर जाताना कोणी इस्त्री नेतं का?"

हॉल फुटला. खुर्च्या कुरकुरल्या. मी मात्र एका शब्दावर अडकलो. गेले. मुलाने एवढंच सांगितलं होतं. बाकीचं आम्हीच भरलं होतं, बायकोने कळवळ्याने आणि मी संशयाने. आणि प्रश्न विचारायचा पगार घेणारा मी, त्या दिवशी त्याच्या बिस्किटाकडे बघत बसलो होतो.

"इस्त्री माझी होती," शेजारून आवाज आला.

किल्लीवाला स्टेजकडे बघत, कोणालाच उद्देशून नाही असा बोलत होता. "माझ्या लग्नाआधीची होती. आणि लांब कुठे गेलो? चार गल्ल्या पलीकडे."

 पुरावा माझ्याच शेजारी बसून बोलायला लागला होता. दिवे लागायच्या आत याला इथून काढायला हवं, लेकीच्या नजरेला पडता कामा नये. मी त्याचा दंड धरला आणि कुजबुजलो, "उठा. चला, बाहेर जाऊ." तो जागचा हलला नाही. "थांबा हो," म्हणाला, जरा मोठ्यानेच.

"दुसरी रांग," स्टेजवरून आवाज आला. "टोपीवाले काका. काय चर्चा चाललीये? मलाही सांगा, मी इथलाच आहे."

लोक हसले. माना वळल्या. दिवे त्याच्या डोळ्यांवर होते, त्याला नुसती टोपी दिसत असणार.

"दोघं मित्र का?"

जन्मभर मी प्रश्न विचारले, उत्तरं द्यायची सवय नाही. थाप मारायलाही तयारी लागते, आणि माझी काहीच नव्हती. इतके दिवस जो शब्द चघळत होतो तोच तोंडातून पडला.

"व्याही आहोत," मी म्हणालो.

हॉल हसला. का ते मला कळलं नाही, तिथे कोणी खोकलं तरी हसत होते. तोही हसला आणि मग हसता हसता थांबला. माझा आवाज त्याने घरी तासभर ऐकला होता.

"अरे वा," तो सावकाश म्हणाला. "लग्न कधी झालं मुलांचं?"

"व्हायचंय अजून."

त्याने डोळ्यांवर हात आडवा धरला आणि वाकून पाहिलं. आधी मला पाहिलं. मला एकच मुलगी आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग त्याने माझ्या शेजारच्या माणसाला पाहिलं. माईक तोंडापासून खाली गेला. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, आणि ते आणखी हसले.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "मग मला जरा जपून बोलायला हवं." आणि तो घरमालकाकडे वळला. इस्त्रीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. त्याला राग आलाय हे मी ओळखलं, म्हणजे ओळखलं असं मला वाटलं.

दिवे लागले. मी किल्लीवाल्याला घेऊन जिन्याच्या तोंडाशी पोचतो न पोचतो, तोवर लेक समोर उभी.

"बाबा, यांना तुम्ही आणलंत?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मीच आणलं. ते जिवंत आहेत, बाजारामागे दुकान आहे त्यांचं. तुला कळायला हवं होतं."

"मला कळलंय. पहिल्याच महिन्यात सांगितलं त्याने, गल्लीसकट. दुकानही लांबून दाखवलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का? आई अरेरे म्हणाली म्हणून तो गप्प बसला. तो गेल्यावर तरी मला विचारायचंत. मी काय परकी आहे?"

"तू खरं सांगितलं असतंस कशावरून?"

हे वाक्य मी टेबलापलीकडच्या हजारो लोकांना म्हटलंय. सवयीने आलं. आल्यावर जीभ चावून काय उपयोग. ती चिडली असती तर मी सावरून घेतलं असतं, चिडलेल्या माणसाला हाताळता येतं. ती चिडली नाही. तिने फक्त मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन लावली.

"उद्या येतो आम्ही," ती म्हणाली. "विचारायला नाही. सांगायला."

 ती शेंगदाण्याएवढी असल्यापासून मी तिला सांगत आलो होतो की कोणावर विश्वास ठेवायचा नाही, आणि आता तिने कोणावर ठेवायचा नाही ते ठरवलं होतं.

तेवढ्यात तो मुलगा रुमालाने मान पुसत बाहेर आला. आमच्यापैकी कोणाकडे न बघता सरळ किल्लीवाल्यासमोर जाऊन उभा राहिला. दोघांचे कान जवळून बघितले तर हसूच यावं इतके सारखे.

"तुम्ही," तो म्हणाला. बापाला त्याने तुम्ही म्हटलं. "तुम्ही तिकीट काढून आलात?"

तेव्हा कळलं की स्टेजवर मी त्याचा चेहरा चुकीचा वाचला होता. तो राग नव्हता. शाळेच्या संमेलनात पडद्यातून डोकं काढून आपलं माणूस आलंय का बघणाऱ्या पोराचा तो चेहरा होता. एवढ्या वर्षांनी ते आले असं त्याला वाटत होतं. आपण होऊन आले, ऐकायला आले.

किल्लीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मग तोंड उघडलं. तो खरं सांगणार होता, यांनी आणलं म्हणून, हसण्याचा कार्यक्रम आहे एवढंच सांगितलं म्हणून. माणूस खरं बोलायच्या बेतात आला की मला बरोबर समजतं.

"यांनीच काढली तिकिटं," मी मध्येच म्हणालो. "मी किल्ली करायला गेलो होतो दुकानात. तर म्हणाले, मुलाचा कार्यक्रम आहे, एकट्याने जायचा धीर होत नाही, येता का बरोबर."

"मुलाचा, असं म्हणाले?"

"असंच म्हणाले."

बोलताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वीस वर्षांत ज्याला चार गल्ल्या ओलांडता आल्या नाहीत, त्याच्या पदरात मी फुकटचं पुण्य टाकत होतो. आणि तेही इतकं सफाईने, की एखाद्या दावेदाराने असं सांगितलं असतं तर मी पुढचा प्रश्नच विचारला नसता.

मुलगा किल्लीवाल्याकडे वळला. "खरं?"

म्हाताऱ्याने काळवंडलेल्या बोटांकडे पाहिलं. 

"हो," तो म्हणाला.

मुलाने मान हलवली. रुमालाची घडी घातली, ती उलगडली, पुन्हा घातली. "जेवलात का?" त्याने विचारलं.

लेक तिथेच उभी होती. दोनच मिनिटांपूर्वी मीच तिला सगळं खरं सांगून बसलो होतो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्या तोंडून शब्द निघायची वाट बघत राहिलो. तिने काहीही दुरुस्त केलं नाही.