सोबतीचं वजन

शिवणयंत्र गाडीच्या सरकत्या दारात अडकलं. लोखंडी पाय आत, लाकडी फळी बाहेर. आतून धाकटी ओढत होती, बाहेरून गॅरेजचा मिस्त्री रेटत होता, आणि ते बिडाचं धूड दोघांच्या मध्ये रुसलेल्या व्याह्यासारखं अडून बसलं होतं.

“बाई, हातमशीन मिळतं की,” मिस्त्री धापा टाकत म्हणाला. “एका हाताने उचलता येतं.”

“मला पायाच्या मशीनची सवय आहे.”

“दीड महिन्यापूर्वी तुम्हीच म्हणत होतात, कात्री एकच पुरे, दुसरी कशाला. पडद्यांच्या कड्यासुद्धा प्लास्टिकच्या लावून घेतल्यात.”

“ढकला,” धाकटी म्हणाली.

मिस्त्री चुकीचं बोलत नव्हता. दोन महिने दोघांनी मिळून ही जुनी कॅम्पर गाडी राहण्याजोगी केली होती. आधीच्या म्हाताऱ्या जोडप्याने ती सुट्टीपुरती वापरली होती. धाकटी त्यात कायमची राहणार होती, मागे घर न ठेवता. दाराखालचा गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. छताच्या झडपेतून पाणी झिरपत होतं, ते थांबवलं, आणि ओल खाल्लेली भिंत उचकटून नवी फळी बसवली. बाकाखाली पाण्याची टाकी, पलंगाखाली बॅटरी, सिंकशेजारी दोन शेगड्या. ठिकठिकाणच्या तळांवर उतरणाऱ्या लोकांच्या बॅगांच्या चेन आणि तंबूंची शिवण दुरुस्त करून पोट भरायचं, असा तिचा बेत होता. आणि या सगळ्यात तिने वजनाची अशी काटकसर केली होती की, मिस्त्रीने एक स्क्रू जास्त मारला तरी तिच्या कपाळाला आठी पडे.

मग एके दिवशी दादाने सोबत यायचं ठरवलं, आणि तिची काटकसर जागच्या जागी उलटी फिरली.

धाकटी अठ्ठावन्न वर्षांची होती. पण घरात पडलेलं नाव काही पगारासारखं वाढत नाही. तिच्या आयुष्यात सोबत कधी कमी पडली नव्हती. आधी आईच्या खोलीत तिची खाट होती. आई गेल्यावर मावशीची खाट तिच्या खोलीत आली. मावशीनंतर दादाने तिला आपल्या घरी आणलं, आणि पोरीला एकटं वाटू नये म्हणून तिचं अंथरूण हॉलमध्ये, टीव्हीसमोर घातलं. दादाच्या मायेत कुठेही खोट नव्हती. दुसऱ्याला काय हवं ते विचारण्यात त्याने आजवर एक मिनिटही वाया घालवलं नव्हतं, इतकंच.

गाडीची गोष्ट काढली तेव्हा तो पुष्कळ ओरडेल असं तिला वाटलं होतं. तो ओरडला नाही. कारखान्यात जन्मभर सुरक्षा अधिकारी होता. धोका दिसला की ओरडायचं नसतं, उपाय करायचा असतो.

“एकटी बाई, जुनी गाडी, परका रस्ता,” तो म्हणाला. “पहिले तीन महिने मी सोबत येतो. मग पुढचं बघू.”

धाकटीजवळ ‘नको’ हा शब्द होता, नाही असं नाही. पण ठेवणीतल्या कपड्यासारखा तो इतकी वर्षं घडी घालून ठेवलेला होता की, आता अंगाला येईल की नाही याचीच तिला शंका होती. तिने तो काढला नाही.

वाट दाखवली ती दादानेच. चालकाच्या दाराशी एक पत्र्याची पट्टी होती, तीवर गाडीचं जास्तीत जास्त वजन कोरलेलं होतं: साडेतीन हजार किलो. दादाने ती रुमालाने पुसून दोनदा वाचली.

“निघायच्या दिवशी गाडी काट्यावर घालायची. टाक्या भरलेल्या, सामान भरलेलं, तू चालवायला बसलेली. जे उरेल त्यात मी बसलो तर तिथूनच पुढे निघू. नाही बसलो तर नाही. नियम तो नियम.”

असं म्हणून तो न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर त्यावर उभा राहिला. नव्वद. मग त्याने वहिनीकडे पाहिलं.

“मी नाही हं उभी राहायची,” वहिनी म्हणाली.

“तुला कोण सांगतंय? तू कुठे येणारेस? उगीच आपली नोंद.”

“तेच म्हणते मी. ज्या गावाला जायचं नाही, त्याची नोंद कशाला?”

त्या दिवसापासून बहीणभावांत एक शब्दही न बोलता लढाई सुरू झाली. धाकटी भरायची, दादा रिकामं करायचा. तिने जाड बुडाची लोखंडी कढई चढवली. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दादाची ॲल्युमिनियमची कढई लटकत होती. “हलकी आहे, तुला उचलायला बरी,” तो प्रेमाने म्हणाला. तिने जाजम अंथरलं. त्याने त्यावर भलंमोठं व्याख्यान दिलं आणि रबराची चटई घातली. तिने टाकीच्या जोडीला पाण्याचे दोन कॅन ठेवले. त्याने ते बागेला घातले. तिने पलंग एकाच्या मापाचा कापून घेतला होता, तर त्याने मिस्त्रीकडून वर घडीची फळी मारून घेतली आणि तीवर आडवा होऊन दाखवलं. नाक आणि छत यांच्यात जेमतेम एक वीत उरली.

“मस्त,” दादा छताला म्हणाला. खाली उतरताना त्याने गुडघा धरला, ते फक्त मिस्त्रीने पाहिलं.

शिवणयंत्र हा धाकटीचा शेवटचा मोठा मोहरा होता. ते एकदाचं आत गेलं तेव्हा मिस्त्रीने कपाळ पुसलं आणि गाडीच्या बसलेल्या मागच्या चाकांकडे पाहिलं.

“बाई, मर्यादेला चिकटणार हं आता.”

“चिकटू दे,” धाकटी म्हणाली, आणि त्या महिन्यात प्रथमच हसली.

संध्याकाळी वहिनी दादाची बॅग घेऊन आली. गच्च भरलेली, कडेला उशी बांधलेली. आदल्या दिवसापासून ती भरत होती, आणि भरताना गुणगुणत होती हे धाकटीने ऐकलं होतं. तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. निवृत्त नवरा वर्षभर घरात असलेल्या बाईने गुणगुणावं, हे हिशेबाला धरूनच होतं.

वहिनीने बॅग दाराशी ठेवली आणि आत चढली. कढई हलवून पाहिली, झडप उघडून मिटली, आणि मग हात मांडीवर ठेवून धाकटीच्या पलंगाच्या कडेला बसली.

“बरं केलंयस गं.”

“मिस्त्रींनी केलंय.”

“फ्रिजमधल्या डब्यांना ह्यांनी चिठ्ठ्या लावल्यात, पाहिल्यास? आज कुठला उघडायचा, उद्या कुठला. काल मी चुकून उद्याचा उघडला तर जबाब घेतला माझा.”

धाकटी हसली. तेवढ्यात घरातून दादाची हाक आली.

“अगं ए! माझा दुसरा चष्मा कुठंय?”

वहिनी उठायला निघाली; मग थांबली. “ते दार लाव बघू जरा.”

धाकटीने दार सरकवलं. खटका बसला. नव्या भिंतीत मिस्त्रीने भरलेल्या अस्तराने आपलं काम केलं. दादाची पुढची हाक आली असेल, पण ती कुणा दुसऱ्याच घरातली वाटली. मग तीही नाही. दोघी बसून राहिल्या. बाहेर उजेड उतरत होता आणि नव्या पडद्यातून त्याची एक पट्टी वहिनीच्या पायांवर पडली होती.

“तू कधी एकटी झोपलीयेस, वन्सं?” वहिनीने विचारलं.

धाकटीने खरोखरच आठवून पाहिलं. “आजारी होते तेव्हा, दवाखान्यात. पण शेजारच्या खाटेवरची बाई रात्रभर जावयाला शिव्या देत होती.”

वहिनी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. पुसून झाल्यावर ती बराच वेळ वरच्या घडीच्या फळीकडे पाहत राहिली.

“मग तू ह्यांना नको का नाही म्हणत?”

“तुम्ही म्हटलंयत कधी?”

 वहिनी उठली, दार सरकवलं, आणि हाकेच्या दिशेने गेली. बॅग तिथेच ठेवून गेली. धाकटीने ती उचलून आत घेतली आणि मनातल्या मनात आणखी दहा किलो मांडले.

वजनकाटा गावाबाहेर, वाळूच्या ढिगांपलीकडे होता. जमिनीत बसवलेली लांबरुंद लोखंडी प्लेट, पुढे काटेवाल्याची काचेची खोली, आणि खोलीच्या माथ्यावर लाल आकड्यांचा फलक. दादा आपल्या मोटारीतून वहिनीला घेऊन आधीच पोहोचला होता. परत जाताना मोटार वहिनीने चालवायची, असं ठरलेलं होतं. भिंतीवर पाटी होती, ती दादाने समाधानाने मोठ्याने वाचली.

“वजन चालू असताना प्लेटवर कोणीही उभे राहू नये. बरोबर आहे. अगदी बरोबर.”

मग तो काट्याच्या पुढे जाऊन गाडीकडे तोंड करून उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी बहिणीला बोलावू लागला. “ये. ये. सरळ. ये अजून. बास.”

गाडी थांबली. धाकटीने ब्रेक ओढला. दादाच्या डोक्यावरून तिला फलक दिसत होता. त्याची फलकाकडे पाठ होती. आकडे थरथरले, चढले, उतरले आणि थांबले. तीन हजार तीनशे पंच्याण्णव.

म्हणजे एकशेपाच शिल्लक. शिवणयंत्र चढवूनही एकशेपाच. नव्वदाचा माणूस त्यात ऐसपैस बसत होता, वर त्याला वाटेत जेवायलाही मोकळीक होती. धाकटीने दोन्ही हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले. तीन महिने. मग पुढचं बघू. पुढचं काय असतं ते तिने आईच्या आणि मावशीच्या खाटेशेजारी पाहिलेलं होतं.

“लागला का आकडा?” दादाने तिला विचारलं आणि तो मागे वळला.

तो वळता वळता आकडे पुन्हा हलले. तीन हजार चारशे साठ.

धाकटीला आधी वाटलं, फलक बिघडला. मग तिने बाजूच्या आरशात पाहिलं. गाडीच्या मागे, प्लेटच्या कडेपासून चांगली आत, वहिनी उभी होती. दोन्ही पाय जुळवलेले, पर्स पोटाशी धरलेली, मान ताठ. फोटो काढून घेणाऱ्या माणसासारखी. आकडा तिला तिथून दिसत नव्हता. तिने आकड्याची वाट पाहिलेलीच नव्हती.

काटेवाल्याने काचेतून मान थोडी वाकडी केली. त्याने गाडीच्या मागे पाहिलं, दादाकडे पाहिलं, चालवायला बसलेल्या बाईकडे पाहिलं. मग बटण दाबलं.

“तीन हजार चारशे साठ,” तो म्हणाला.

दादाने तोंडातल्या तोंडात वजाबाकी केली. एकदा करून भागलं नाही, म्हणून परत केली.

“चाळीस उरतात.”

“हं,” धाकटी म्हणाली.

“शिवणयंत्र उतरवलं तर...” तो म्हणाला. मग त्याची नजर उघड्या खिडकीतून आत गेली, वरच्या फळीवर थांबली. हात आपोआप गुडघ्याकडे गेला. “पण तुझं पोट आहे त्याच्यावर. आणि नियम तो नियम. नाहीतरी त्या फळीचा माझ्या गुडघ्याला त्रासच झाला असता.”

हे तो जरा लवकरच म्हणाला. गेल्या महिन्याभरात त्याच्या खांद्यांत जे चढून बसलं होतं ते खाली उतरलं, आणि तो एकदम वयापेक्षा लहान दिसू लागला. सरकत्या दारातून त्याने आपली बॅग काढून घेतली; उशी काखेत धरली.

“रोज संध्याकाळी फोन करायचा.”

“एक दिवसाआड,” धाकटी म्हणाली.

शब्द अंगाला आला. थोडा सैल होता, पण आला. दादा मान हलवून पावती घ्यायला खोलीकडे गेला. आणि गेलाच आहे तर भिंतीवरच्या पाटीचा रंग उडाल्याबद्दल काटेवाल्याला चार शब्द ऐकवू लागला. फलक आता त्याच्या डोक्यावर होता, आणि पाठ प्लेटकडे.

धाकटीने गाडी सुरू केली आणि हळूच पुढे घेतली. पुढची चाकं उतरली, मागची उतरली. शिवणयंत्र आतल्या आत एकदा खणखणलं.

आरशात भलीमोठी लोखंडी प्लेट मोकळी झाली होती, आणि मधोमध वहिनी तशीच उभी होती. आता तिच्यापुढे आडोसा नव्हता. तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, त्याच्या काखेतल्या उशीकडे पाहिलं. मग पर्स खांद्यावर घेतली आणि एक हात उचलून, दादाने मघाशी केली होती तीच खूण उलटी केली. जा. जा. सरळ.

तिच्यासमोर, खोलीच्या माथ्यावर, लाल आकड्यांत, पासष्ट लिहिलेलं होतं.

काटेवाला काचेपलीकडून दादाचं बोलणं ऐकत होता आणि मान हलवत होता. वहिनी प्लेटवरून खाली उतरली तेव्हा फलकावर शून्य आलं, आणि धाकटीने आरशातली नजर काढून रस्त्याला लावली.