साहेबांसमोरची वेताची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे, आणि आमच्या या नव्या साहेबाला कुणी वळण म्हणून लावलेलं नाही. म्हातारे गवंडीकाका सकाळपासून त्याच्यापुढे ताटकळत आहेत. त्यांना म्हणतो कसा, "थांब तिकडे!" आणि माझ्या मांडीवर कोण बसलंय? याची बॅग!

मला घडवलं आपल्याच सुताराने. अंग सागवानी, बैठक वेताची. पण एकदा टेकून बघायची त्यालाही मुभा नव्हती. तेव्हा राज्य परक्यांचं. त्यांनी बसायचं, आपल्यांनी उभं राहायचं.

तेव्हाचा साहेब परका, पण आपली भाषा बोलायचा. ती त्याला शिकवली त्याच्या दाईने. तिचं ऐकून पोर "मी येते, मी जेवते" म्हणे. मोठेपणी लोक हसायला लागले, तेव्हा घोकून घोकून सुधारला. भाषा सुधारली, माणूस बिघडला. बंगल्यामागची दाईची खोली पाडून तिथे घोडे बांधायचा हुकूम त्याने काढला.

दाई विनवायला आली. तीन दिवस दारात उभी. कारकून म्हणे, "मावशी, उद्या या." चौथ्या दिवशी ती तडक आत आली आणि माझ्यावर बसली. आपल्या माणसाचं पहिलं ओझं! मी चारही पाय घट्ट रोवले.

"ऊठ!" साहेब ओरडला.

"अरे, तुला उभं राहायला मी शिकवलं. आता माझे गुडघे गेले. मी बसणार."

"मी सांगते, ऊठ!"

कारकुनाने फाईल तोंडावर धरली. साहेब लालबुंद.

"'सांगतो' म्हण, बाळा," दाई म्हणाली. "अजून किती वेळा शिकवू?"

हुकमाचा कागद फाटेपर्यंत ती हलली नाही. तिची खोली वाचली; माझी रवानगी मात्र अडगळीत झाली. वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. पुढे परके गेले, आपले आले. नवा वेत विणून मला पुन्हा इथे मांडलं. वाटलं, आता पांग फिटले. कसले काय!

मित्रांनो, खुर्ची नुसती फडक्याने पुसून राखली जात नाही. आलेल्या माणसाला तिच्यावर बसवावं लागतं.

आता मात्र पुरे झालं. मी एक पाय कलता केला. बॅग धाडकन खाली! साहेब दचकला.

"ऐक रे," मी करकरले, "बॅगेचे गुडघे दुखत नाहीत. काकांना 'बसा' म्हण. 'बस' नव्हे, 'बसा'! अजून किती वेळा शिकवू?"