सात ताऱ्यांची गादी

सत्त्याण्णव साली कळमनुरीकडच्या एका तांड्याचा म्हातारा नायक वारला आणि त्याच्या जागेसाठी दोघांनी दंड थोपटले. एक लालसिंग, दुसरा रामसिंग. होऊ घातलेल्या नायकाला तोंडावर कुणी बरंवाईट बोलायचं नाही, अशी तांड्याची रीत. मग बोलायचं कसं? लोकांना रेडिओ सापडला.

दर रविवारी दुपारी तांड्यातल्या अनुसयाबाईच्या रेडिओवर एक नाटक लागे. सात ताऱ्यांच्या साम्राज्याचा सम्राट मेलेला आणि गादीसाठी त्याचे दोन मुलगे एकमेकांच्या जिवावर उठलेले. थोरला वज्रकेतू आधी दवंडी पिटायचा, मग अख्खा ग्रह जाळायचा. धाकटा सोमकांत गोड बोलून ग्रहावरची हवा बंद करायचा आणि मेलेल्यांसाठी ढसाढसा रडायचाही. नाटक संपलं की लिंबाखाली वाद पेटे, जास्त वाईट कोण? नावं राजपुत्रांची, पण नजरा लालसिंग-रामसिंगकडे. तेही बेरकी, तिथंच बसून मिशीत हसायचे.

मिनाला मात्र हसू येत नव्हतं. तिचा नवरा वर्षापूर्वी ट्रॅक्टरखाली गेला होता. विधवेनं दिराचं घर करायचं ही जुनी चाल बऱ्याच घरांनी सोडली होती, तिच्या सासरनं नाही. दीर धनसिंग सकाळपासून दारूत. नकार दिला तर पाच वर्षांची पुजा सासरची आणि मिना मोकळी, असा पेच. निवाडा नवा नायक करणार होता. लालसिंगनं सरळ बजावलं होतं, "दसऱ्याला धनसिंगच्या घरी जायचं." रामसिंग म्हणायचा, "तुझ्या मनासारखं करू, बाई," आणि त्याच तोंडानं धनसिंगला शब्द देताना मिनानं त्याला ऐकलं होतं. पुजाला घेऊन वेळेत वसमतला भावाकडे निसटायचं, एवढाच एक मार्ग तिला दिसत होता.

पंच बसायच्या आदल्या रविवारी सगळे सोमकांताकडे झुकले.

"कायबी म्हणा, गोड तर बोलतो," म्हातारा थावरा म्हणाला.

मिनाचा धीर सुटला. बायका या वादात पडत नसत, पण ती उभीच राहिली.

"काहून गोड? हवा कवा बंद झाली, मरणाऱ्यायला कळलंबी न्हाई! वज्रकेतू सांगून येतो. त्याच्यापासून लेकरू उचलून पळता तरी येतं!"

"बस पोरी," अनुसयाबाईनं तिचा पदर ओढला. "लई बोललीस."

पण बोलणं लोकांना लागलं. घरोघर बायकांनी तेच लावून धरलं आणि पंचांनी पागोटं लालसिंगला बांधलं. दसऱ्याला अजून अवकाश होता. मिनानं त्याच दुपारी पुजाचे झगे पिशवीत कोंबले. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली.

तेवढ्यात लालसिंग दारात आला, मागे त्याची बायको शकुंतलाबाई.

"तुझ्यामुळं नायक झालो मी, मिना. इसरणार न्हाई. तुला कुणी अडवणार न्हाई. वसमतला जा, कुठंबी जा."

मिनानं हात जोडले. तिला रडूच फुटलं.

"पोरगी तेवढी दसऱ्यापर्यंत माझ्या घरी राहील," तो म्हणाला. "लेकरू उचलून पळायचं तूच बोललीस चारचौघांत. मी बराबर ऐकलं."

शकुंतलाबाईनं पुजाला कडेवर घेतलं. तिची नजर जमिनीवर होती. पुजा हात पसरून किंचाळत होती. मिना धावली, पाय धरले, शिव्या दिल्या, पुन्हा पाय धरले. लालसिंग शांतपणे उभा होता.

शेवटी तिनं डोळे पुसले आणि डोक्यावर पदर घेतला.

"दसरा कशाला, नायक? आत्ताच जाते मी धनसिंगच्या घरी. माझं लेकरू द्या."